पितृपक्षात आणलेलं रिव्हॉल्व्हर

१७ सप्टेंबर १९८९, रविवार. विश्वकर्मा पूजा.

आणलं! लायसन्ससाठी तीन वर्षं पोलीस ठाणं, तहसील, दुर्गचं कलेक्टर ऑफिस असे जोडे झिजवले. आज रायपूरहून रिव्हॉल्व्हर घरी आलं. बत्तीस बोर, विलायती. आधी कोण्या मेजरसाहेबांचं होतं असं दुकानदार म्हणाला. मेजरचं नाव विचारलं तर म्हणे आठवत नाही. नोंद घेतली.

कमलिनी दारातच म्हणाली, कालच पितृपक्ष लागला, लोक या दिवसांत सुई विकत घेत नाहीत, तुम्ही बंदूक घेऊन आले. तिला शांतपणे समजावलं की ही बंदूक नाही, रिव्हॉल्व्हर आहे. शिवाय आज विश्वकर्मा. आमच्या सगळ्या स्टील प्लँटमध्ये आज मशीनींची पूजा असते. दोष असेल तर पूजेनं जातो. म्हणून पूजाच डबल केली. देवघरासमोर पाटावर ठेवून पंचामृत शिंपडलं, हळद-कुंकू वाहिलं, अक्षता चांगल्या मूठभर टाकल्या. स्कूटर आणली तेव्हाही अशीच केली होती. अकरा वर्षं झाली, क्लच आणि किक सोडून एक तक्रार नाही.

पूजेच्या आधी गोळ्या भरायची चकरी फिरवून पाहिली होती. काय सुरेख फिरते! कर्र-कर्र.

संध्याकाळी चहाला शेजारचे देवाजी आणि शकुबाई आले. बावीस वर्षं क्वार्टरला क्वार्टर लागून राहतो, रोजचाच शिरस्ता. देवाजी मशीन शॉपमध्ये फिटर आहे. त्यानं रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, वजन पाहिलं, मग वीत लावून मोजलं. लांबी एक वीत, उंची सहा बोटं. कावून मोजून राहिला म्हणून विचारलं तर हसला आणि म्हणाला, असंच.

असंच कोणी मोजत नाही. नोंद घेतली.

१८ सप्टेंबर, सकाळी ७.१०

चकरी फिरत नाही.

सकाळी ७.४०

अजूनही नाही. घोडा मागे ओढला तर अर्ध्यात अडकतो. काल फिरत होती, आज नाही. म्हणजे रात्रीतून कोणीतरी काहीतरी केलं. संशयित क्रमांक एक, रायपूरचा दुकानदार. पण तो रायपूरला आहे.

१९ सप्टेंबर

चहाला देवाजी. रिव्हॉल्व्हर कसं आहे विचारलं. मी म्हणालो फर्स्ट क्लास. तर म्हणतो कसा, भाऊ, काई अडचण आली त मले सांगजा, सत्तावीस वर्ष मशीनीच खोलून राहिलो. अडचण येणार हे याला कसं कळलं?

इथं एक लिहून ठेवतो, म्हणजे पुढे विचार करायला सोपं जाईल. ३० नोव्हेंबरला मी रिटायर होतो. क्वार्टर सोडायचं आणि स्मृति नगरच्या नव्या घरात जायचं. तिथं अजून सगळा उजाड माळ आहे. मागच्या महिन्यात बांधकामावरून दोन पोती सिमेंट गेलं. रिव्हॉल्व्हर लागणारच, हे मी तीन वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. शेजारचा प्लॉट देवाजीचा, त्याचंही घर होत आलं आहे. दोघांनी सोसायटीत एकाच दिवशी अर्ज दिला होता. मधली भिंत कॉमन, आणि त्या भिंतीत दोन्ही स्वयंपाकघरांच्या मध्ये एक छोटी खिडकी, बायकांना वाटी-चमचा देता-घेता यावा म्हणून. खिडकीची आयडिया देवाजीची. तेव्हा आवडली होती.

२४ सप्टेंबर, रविवार

रायपूर. दुकानदार रिव्हॉल्व्हर घेऊन पडद्यामागे गेला, पाच मिनिटांत आला. चकरी कर्र-कर्र. काय झालं होतं विचारलं तर स्वतःचं बोट हुंगलं आणि म्हणाला, भाईसाब, घर में हलवाई का काम है क्या?

रिव्हॉल्व्हर पिशवीत घातलं. अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

परतताना रस्त्यात मयत आडवी गेली. एक तर पितृपक्ष, त्यात हे. घरी आल्या आल्या पुन्हा पूजा केली. या वेळी मध थोडा जास्त. संध्याकाळी देवाजी आला, म्हणाला पाहू. नाही म्हणता येईना. त्यानं हातात घेतलं, नाकाजवळ नेलं, माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि बंद केलं. माणसाच्या मनात चोर असला की असंच होतं.

२५ सप्टेंबर

चकरी फिरत नाही.

आता भावनेच्या आहारी न जाता विचार करायचा. स्टोअरमध्ये एकतीस वर्षं रिजेक्शन रिपोर्ट लिहिले. एकच खोट दोनदा आली तर दोन्ही वेळी कॉमन काय होतं ते शोधायचं, हा आमचा नियम. दोन्ही वेळी घरात कोण होतं? मी, कमलिनी, देवाजी. मी स्वतः, प्रश्नच नाही. कमलिनी त्या वस्तूला वळसा घालून चालते. उरला देवाजी.

कारण? त्याच्याकडे लायसन्स नाही. माणसाला दुसऱ्याचं लायसन्स बघवत नाही.

२८ सप्टेंबर

देवाजीच्या मागच्या अंगणातून कानस घासल्याचा आवाज. रोज, ड्यूटीवरून आल्यावर तासभर. आज स्टुलावर चढून भिंतीवरून डोकावलो. मला पाहताच त्यानं हातातल्या वस्तूवर बारदाना टाकला. काय चाललं म्हटलं तर म्हणे काई नाई भाऊ, टाइमपास.

वीत लावून मोजलं होतं. कानस. बारदाना. माझ्या रिव्हॉल्व्हरची नक्कल बनवून राहिला! स्टुलावरून उतरताना घोटा मुरगळला.

३० सप्टेंबर. घटस्थापना.

संकल्प: नऊ दिवस कोणावर चिडणार नाही. पुरावा गोळा करीन, चिडणार नाही.

रायपूरच्या माणसाचं तोंड पाहायचं नाही म्हणून हथखोजला दयारामच्या लेथ वर्कशॉपमध्ये गेलो. स्टोअरला नट-बोल्ट देतो तो, ओळखीचा. काउंटरवर रुमाल उघडून रिव्हॉल्व्हर ठेवलं तर त्यानं आधी दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, साहब, आपने जो माल रिजेक्ट किया था वो मैं बदल दूँगा. गैरसमज दूर करायला वीस मिनिटं लागली. मग लायसन्स तीन वेळा वाचलं. मग घासलेट लावून, ब्रश मारून चकरी मोकळी करून दिली.

त्याला आतून एक पिवळा दाणा सापडला. म्हणाला, साहब, ये तो चावल लगता है. मी सांगितलं, जुन्या विलायती दारूचा कण असतो तो, वर्षानुवर्षं राहिला की असा दिसतो. त्याला पटलं. निदान मान तरी हलवली.

घरी येऊन घटाशेजारीच पूजा मांडली. नवरात्र आहे, कमी करून चालत नाही. या वेळी देवाजीला हात लावू दिला नाही. पूजेतली वस्तू आहे म्हणून सांगितलं आणि कपाटाला कुलूप लावलं.

१ ऑक्टोबर

चकरी फिरत नाही.

म्हणजे त्याच्याकडे कपाटाची किल्ली आहे.

३ ऑक्टोबर, सकाळी ६

सापळा लावला. देवघराच्या खोलीत कपाटासमोर रांगोळीची पूड चाळणीनं पसरली. कमलिनीला सांगितलं, या खोलीत पाय ठेवू नको. ती म्हणाली, पुसणार कोण आहे हे?

संध्याकाळी ५.३०

सापडलं! अनवाणी पाऊल, स्पष्ट, जाताना आणि येताना. लांबी सव्वादहा इंच. पट्टी घेऊन लगेच देवाजीच्या व्हरांड्यात गेलो, त्याची चप्पल मोजायला घेतली. नेमकी शकुबाई बाहेर आली. मी म्हणालो, देवाजीला दिवाळीला चप्पल घ्यायची आहे, माप घेतोय. तिचे डोळे भरून आले. आता चप्पल घेणं आलं.

चप्पल साडेनऊ निघाली. मोठ्या मापाचे मोजे घालून आला असावा.

कमलिनीनं विचारलं, तुमचा पाय किती भरतो? मोजला. सव्वादहा. योगायोग आहे. सकाळी सात वाजता मी आरती करायला त्या खोलीत गेलो होतो, पण ते धरायचं कारण नाही, मी घरचाच आहे.

५ ऑक्टोबर

स्मृति नगरला जाऊन गवंड्याला सांगितलं, मधल्या भिंतीतली खिडकी विटांनी बंद करून टाक. सुरक्षेच्या दृष्टीनं. त्यानं अर्ध्या दिवसात काम उरकलं.

रात्री कमलिनीला सांगितलं. भांडी आवरताना ती म्हणाली, माझ्या तिन्ही बाळंतपणात माझ्या घरी चूल शकुवहिनीनं पेटवली, तुम्हाले काही वाटते की नाही? मी म्हणालो, वाटतं, पण वाटणं वेगळं आणि सिक्युरिटी वेगळी. तिनं कढई जोरात आदळली. तिच्यावर लक्ष ठेवायला हवं, त्या पार्टीची दिसते.

९ ऑक्टोबर. खंडेनवमी.

आज मंडळात शस्त्रपूजा. दरवर्षी तीच एक गंजकी तलवार, दोन विळे आणि मंडळाचा पाना असतो. या वर्षी माझं रिव्हॉल्व्हर मधोमध. मी स्वतः हळद-कुंकू, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या वाहिल्या. सगळे माना उंचावून पाहून राहिले होते. कोणी तरी म्हणालं, मोहदीकर, जरा फिरवून दाखवा. मी म्हणालो, पूजेत बसलेलं शस्त्र फिरवत नसतात. बरं सुचलं.

देवाजीनं आपली कानस आणि व्हर्नियर पूजेला आणले होते. सगळ्यांसमोर म्हणाला, भाऊ, आमच्या शॉपमंधी मशीनीले टिक्का अंगाले लावतेत, चालत्या भागाले नाही. लोक हसले. माझं अंग तापलं. पण घरी येताना विचार केला आणि लक्षात आलं. खोट चालत्या भागात आहे हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मग याला कसं माहीत? ज्यानं केलं त्यालाच माहीत असतं.

केस पूर्ण झाली.

१० ऑक्टोबर. दसरा.

सोनं द्यायला देवाजी आला तेव्हा मी ठाण्याचा अर्ज फेअर करत होतो. वरती कॅलेंडर ठेवलं. त्यानं वाकून आपट्याची पानं हातात दिली, म्हणाला, भाऊ, सोन्यासारखे राहा. मी पण तसंच म्हणालो. पानं अर्जावर ठेवली, उडू नये म्हणून.

अर्जाचा विषय: परवानाधारकाच्या शस्त्रात शेजाऱ्याकडून छेडछाड व नक्कल तयार करण्याबाबत. तीन पानं. भाषा जमली आहे.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, कारण लोक उलटसुलट सांगतील.

चार वाजता सायकलवर हवालदार आला. माझ्या दारी यायचं सोडून सरळ देवाजीच्या दारी उभा राहिला. लाइनीतल्या सगळ्या बायका बाहेर. शकुबाई पदर तोंडाला लावून दारामागे. हवालदारानं माझा अर्ज मोठ्यानं वाचला. एवढ्या मोठ्यानं वाचायची गरज नव्हती. देवाजी खाली पाहून ऐकत होता. मग म्हणाला, रिव्हॉल्व्हर आना.

मी आणलं. काडतुसांचा डबा घरीच कुलपात आहे, अजून सील तोडलं नाही. देवाजीनं ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं, आधी रिकामं आहे का ते नीट पाहून घेतलं, मग काहीतरी दाबून चकरी बाहेर काढली आणि कागदावर हळूच ठोकली. तांदळाचे सात दाणे पडले. कुंकवाचा एक खडा. झेंडूची पाकळी. तुळशीचं पान. हवालदारानं चकरीला बोट लावलं, जिभेला लावलं आणि म्हणाला, शहद. लाइनीतल्या बायका पदरात तोंड लपवून हसल्या. कमलिनी हसली नाही. ती आत निघून गेली.

हवालदार मागच्या अंगणात बारदान्याखाली काय आहे ते पाहून आला. मी विचारलं, काय निघालं? तो म्हणाला, वो आपके देखने की चीज़ नहीं है साहब, अभी नहीं. म्हणजे तोही फितला.

देवाजीनं रिव्हॉल्व्हर पुसून, तेलाचा थेंब सोडून परत दिलं. म्हणाला, भाऊ, मले इचारलं असतं त पयल्याच दिवशी सांगितलं असतं. तुमाले वाईट वाटन म्हणून बोललो नाई. मग चप्पल काढली आणि आत गेला.

१४ ऑक्टोबर

चकरी फिरते आहे. कर्र-कर्र.

तांत्रिकदृष्ट्या माझी तक्रार खरी ठरली. रिव्हॉल्व्हरमध्ये बाहेरची वस्तू होती हे पोलिसांसमोर सिद्ध झालं. ती कोणी टाकली हा पुढचा मुद्दा. दाणे मला जाडे वाटले. आमच्याकडे बारीक लुचई तांदूळ येतो. नमुना काडेपेटीत जपून ठेवला आहे.

चहाला कोणी आलं नाही.

१९ ऑक्टोबर

चहाला कोणी आलं नाही. चकरी उत्तम.

२५ ऑक्टोबर

निवडणूक लागली. हुकूम आला, सर्व परवानाधारकांनी शस्त्रं ठाण्यात जमा करावीत. सव्वा महिन्यात चालू स्थितीत जेमतेम बारा दिवस मिळालं, तर ठाण्यात जमा! वेळ कशी साधली पहा. पण निवडणूक काही देवाजीनं लावली नसावी.

जमा करताना तोच हवालदार. पावतीवर लिहिलं: रिव्हॉल्व्हर एक, चालू हालत में. मग खाली बारीक अक्षरात: पूजा करना मना है. विचारलं तर म्हणाला, रिकार्ड के लिए.

२ नोव्हेंबर

देवाजीनं स्मृति नगरचं होत आलेलं घर प्लॉटसकट विकलं. कमलिनीनं सांगितलं. शकुबाई तिच्या गळ्यात पडून रडली म्हणे. मार्चला देवाजी रिटायर होणार होता, तो आता रजा टाकून आत्ताच आमगावला गावी चालला. कमलिनीनं त्याला विचारलं की भाऊजी, असं कावून करता? तर म्हणाला, ज्याच्या भिंतीले भिंत लावाची त्याच्याच मनात आपल्यासाठी पोलीस उभा असन, त त्या घरात राहून काय करू वहिनी.

तपासातून पळ काढला असं मी म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही. रात्री जेवण गेलं नाही. ॲसिडिटी असावी.

८ नोव्हेंबर

सामानाचा ट्रक शेजारून गेला. मी बाथरूममध्ये होतो. बराच वेळ होतो. दिवाळीची चप्पल, साडेनऊ इंची, तशीच खोक्यात राहिली.

३० नोव्हेंबर. रिटायरमेंट.

शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. भाषणात सगळे म्हणाले मोहदीकर फार सावध माणूस. मी सारखा दाराकडे पाहत होतो. मशीन शॉपचं कोणी आलं नाही.

घरी आल्यावर कमलिनीनं बारदान्यात गुंडाळलेली एक वस्तू टेबलावर ठेवली. म्हणाली, शकुवहिनी जाताना देऊन गेली, म्हणे रिटायर होतील त्या दिवशीच द्या. बारदाना मी लगेच ओळखला.

आत सागवानी पेटी. रिव्हॉल्व्हरपेक्षा सगळीकडून दोन बोटं मोठी. कडा कानशीनं अशा घासलेल्या की बोट फिरवलं तरी लागत नाही. आत हिरवं मखमल, त्यात रिव्हॉल्व्हर बसेल असा बरोबर त्याच आकाराचा खळगा, एक वीत लांब, सहा बोटं रुंद. झाकणावर पितळी पट्टी: श्री. नरहरी मोहदीकर, सेवानिवृत्त ३०-११-८९. आणि पट्टीच्या वर पितळेची एक उथळ वाटी पक्की बसवलेली. त्या वाटीच्या कडेला ठोकून अक्षरं काढली आहेत: पूजा येथे करावी.

झाकणाच्या कडेनं रबरी गास्केट लावलं आहे, दाणा आत जाऊ नये म्हणून. गास्केट प्लँटच्या भंगारातलं आहे. एकतीस वर्षं स्टोअरमध्ये काढली, पाहताक्षणी ओळखलं. नोंद घेतली नाही.

पट्टी घेऊन पेटीची कड मोजत बसलो. कमलिनी म्हणाली, आता तरी मोजू नका. मग मी रडलो. ते लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

१२ डिसेंबर. स्मृति नगर.

ठाण्यात जाऊन आलो. फेब्रुवारीत विधानसभेची निवडणूक आहे म्हणे. रिव्हॉल्व्हर तोपर्यंत तिथंच.

रिकाम्या पेटीची पूजा केली. वाटीत कुंकू, अक्षता, मध. उघडून पाहिली. आत एक दाणा नाही.

देवाजीला पत्र लिहायला घेतलं. चौथा खर्डा. पहिल्या तिन्हींत अर्जाचीच भाषा येत होती. या वेळी नुसतं लिहिलं, देवाजी, माझं चुकलं, चप्पल घेऊन येतो, साडेनऊच ना? टपालात टाकलं.

कमलिनी स्वयंपाक करता करता मध्येच थांबते आणि त्या बंद केलेल्या खिडकीकडे पाहते. विटांचा तेवढा चौकोन अजून वेगळा दिसतो. म्हणून गवंड्याला बोलावलं, म्हटलं खिडकी परत मोकळी कर. तो म्हणाला, भिंत कॉमन आहे, पलीकडच्या मालकाला विचारा.

पलीकडे नवे मालक राहायला आले आहेत, विजयकुमार म्हणून, तेही रिटायर्ड. गेलो. त्यांनी साखळी लावूनच दार उघडलं. मी खिडकीचं सांगितलं. ते म्हणाले, खिडकी? कशाला? तुम्हाला आमच्या घरात काय पाहायचं आहे? मी म्हणालो, पाहायचं काही नाही, वाटी-चमचा देता-घेता येतो. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, माझं पूर्ण नाव, मूळ गाव आणि घरात शस्त्र आहे का ते विचारलं.

मग दाराच्या फटीतून मला दिसलं, ते एका वहीत लिहून घेत होते.